सायकलसाठी जीपीएस घड्याळ : निवड, जुळवणी आणि रस्त्यावरचा वापर

इंदुरात पहाटे सुपर कॉरिडॉरवर किंवा खंडवा रस्त्यावर निघणाऱ्या सायकलस्वारांच्या मनगटावर आता जीपीएस घड्याळ सर्रास दिसते. यातील बरीच घड्याळे मुळात धावणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात आणि सायकलस्वार ती दुकानातून आली तशी, मूळ सेटिंगवरच वापरत राहतो. धावणाऱ्याचे मनगट मोकळे झुलत असते. सायकलस्वाराचे मनगट मात्र हँडलवर वाकलेले, अंगाचा भार घेतलेले आणि प्रत्येक खड्ड्याबरोबर हादरणारे असते. एवढ्या फरकाने नाडीचे आकडे बिघडतात, स्क्रीन तिरपी पडते आणि बटणे नको तेव्हा दाबली जातात. म्हणून माझे मत आधीच नोंदवतो : हाताशी ठरावीक रक्कम असेल, तर मधल्या किमतीचे घड्याळ आणि सोबत हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्यावा. सगळी रक्कम महागड्या घड्याळावर घालून पट्ट्यावाचून राहण्यापेक्षा सायकलला ही जोडी कितीतरी अधिक उपयोगी पडते.

खरेदीपूर्वी गरज ठरवणे

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. आपली सर्वांत लांब राईड किती तासांची असते, घड्याळातील कोणता आकडा पाहून आपण चालवण्याची पद्धत बदलणार आहोत, आणि सायकलवर आज किंवा पुढल्या एक-दोन वर्षांत कोणते सेन्सर बसणार आहेत. या तिन्हींची उत्तरे स्पष्ट असली की बाजारातील निम्मी घड्याळे आपोआप बाजूला पडतात.

बॅटरीचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता तासांत करावा. उज्जैनला जाऊन परत येणे म्हणजे साधारण ११० किलोमीटर होतात. चहा-नाश्त्यासकट सहा-सात तास धरावेत. ओंकारेश्वर एका बाजूनेच ८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि परतताना घाट चढायचा असतो, त्यामुळे जाऊन-येऊन करणाऱ्याचा सारा दिवस जातो. ब्रेव्हे, म्हणजे बीआरएम या ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणाऱ्यांची वेळमर्यादा तर ठरलेलीच आहे : २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. खोक्यावर छापलेले तास नव्या बॅटरीचे आणि सहसा काटकसरीच्या मोडमधील असतात. बाहेरचे सेन्सर जोडले, नकाशा उघडा ठेवला, मोबाईलचे निरोप येऊ दिले की ते कमी होतात, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरीही थकते. मी छापील आकड्याचे दोन तृतीयांशच खरे धरतो. ॲपलच्या साध्या घड्याळाला कंपनीने अनेक वर्षे दिवसभराच्या वापराचे १८ तास सांगितले, आणि जीपीएस सतत चालू असताना ते त्याहून बरेच कमी टिकते. सकाळच्या दोन-तीन तासांच्या राईडला ते पुरेसे आहे, ब्रेव्हेला नाही. राईड नोंदवत असतानाच पॉवर बँकेवरून चार्ज करता येते का, हे लांब पल्ल्याच्या माणसाने आवर्जून पाहावे, कारण काही घड्याळांचा चार्जर मागच्या बाजूला लागतो आणि मग ते मनगटावर ठेवून चार्ज करता येत नाही.

सेन्सरची बाब अधिक बारकाईने तपासावी लागते. चाकाच्या हबवर बसणारा वेगाचा सेन्सर, पेडलच्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, बसणारा केडेन्सचा (मिनिटाला पेडलचे किती फेरे होतात त्याचा) सेन्सर, छातीचा पट्टा आणि पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर हे घड्याळाशी दोन बिनतारी मार्गांनी बोलतात : एएनटी प्लस आणि ब्लूटूथ. एएनटी प्लसवर एकाच सेन्सरचा आकडा कितीही उपकरणांना एकाच वेळी घेता येतो. ब्लूटूथवर ही संख्या सहसा एक-दोनवर थांबते. गार्मिनची बहुतेक क्रीडा घड्याळे दोन्ही समजतात, पण कोरोस पेस ३ फक्त ब्लूटूथवर चालते. ॲपलच्या घड्याळात सायकलचे ब्लूटूथ सेन्सर थेट जोडण्याची सोय २०२३ मध्ये, वॉचओएस १० पासून आली. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मोठे अंतर असते : गार्मिनचे फोररनर ५५ वेग, केडेन्स आणि छातीचा पट्टा घेते, पण पॉवर मीटर घेत नाही आणि त्यात हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापकही नाही, फोररनर २५५ मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. तेव्हा ‘सायकलिंग मोड आहे’ या विक्रेत्याच्या वाक्यावर समाधान मानू नये. सायकलिंग मोड हल्ली स्वस्तातल्या पट्टीवजा घड्याळातही असतो. विचारायचे ते एवढेच, की हे घड्याळ बाहेरचा कोणता सेन्सर स्वीकारते.

उपग्रह, उंची आणि पडदा

खोक्यावर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू अशी नावांची रांग असते. अधिक प्रणाली म्हणजे आकाशात एका वेळी दिसणारे उपग्रह अधिक, एवढा त्याचा अर्थ. खरा फरक पडतो तो दोन फ्रिक्वेन्सींवर एकदम ऐकणाऱ्या घड्याळांत. जुनी एल १ लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येते आणि नवी एल ५ लहर ११७६.४५ मेगाहर्ट्झवर. एल ५ वरील संकेताची लय दहापट जलद असल्यामुळे इमारतीवर आपटून उशिरा पोहोचलेली लहर घड्याळाला वेगळी ओळखता येते. राजवाडा आणि सराफ्याच्या अरुंद गल्ल्यांत किंवा विजयनगरच्या उंच इमारतींजवळ याचा उपयोग होतो. मात्र सुपर कॉरिडॉर, बायपास किंवा देवास रस्त्यावर आकाश उघडे असते आणि तेथे साधी घड्याळेही रस्त्याला धरून रेघ काढतात. आपल्या इस्रोची नाविक ही उपग्रह प्रणाली ज्यात चालते असे घड्याळ मिळाले तर आनंदच आहे, आणि २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविक एल १ वरही येऊ लागल्यामुळे लहान उपकरणांना ते घेणे सोपे होणार आहे. तरी केवळ त्या एका शब्दासाठी अधिक पैसे देऊ नयेत.

घाटात सायकल चालवणाऱ्याने हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असलेलेच घड्याळ घ्यावे. जीपीएसला आडवे अंतर चांगले कळते; उंचीत त्याची चूक बरीच मोठी होते, कारण सारे उपग्रह आपल्या डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि चंबळचे उगमस्थान मानला जाणारा जानापाव सुमारे ८५० मीटरवर. या उंचीवर दर नऊएक मीटर चढल्यावर हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो आणि घड्याळ तो उतार मोजते. यातही एक मेख आहे. आपल्या भागात हवा स्वच्छ असली तरी सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत तो तीनएक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे सायकल अंगणात उभी ठेवली तरी घड्याळाला आपण पंचवीस-तीस मीटर चढल्यासारखे वाटेल. दिवसभराच्या राईडमध्ये घरी परतल्यावरची उंची निघतानाच्या उंचीशी जुळत नाही ती बहुधा यामुळे. उपाय सोपा आहे : निघण्यापूर्वी माहीत असलेली उंची घड्याळात स्वतः भरावी. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. महू, राऊ किंवा आपल्या नेहमीच्या मार्गावरील स्थानकाचा आकडा एकदा टिपून ठेवला की तो जन्मभर कामी येतो.

पडद्याबद्दल थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेच्या माळव्याच्या उन्हात जुन्या धर्तीचा, प्रकाश परावर्तित करणारा पडदा उत्तम वाचता येतो आणि बॅटरी कमी खातो. ॲमोलेड पडदा देखणा असतो, पण तो कायम उजळ ठेवावा लागतो. बटणे असलेले घड्याळच घ्यावे. घामाने ओल्या बोटांना, पावसात किंवा थंडीच्या हातमोज्यांत नुसता टच ऐनवेळी दगा देतो.

दुकानात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सोबतच्या माणसाला आपल्या मोबाईलवर मराठीत निरोप पाठवायला सांगावा, कारण काही घड्याळांत देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. आणि घड्याळ परदेशातील मुलाकडून किंवा भाचीकडून मागवायचे असेल, तर त्याची वॉरंटी भारतात चालते का हे आधी विचारून घ्यावे. इंदुरातील अनेक मराठी घरांत अशी भेटवस्तू येते आणि बिघाड झाल्यावर ती परत पाठवण्याचा खर्च घड्याळाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

मनगट, हँडल आणि छातीचा पट्टा

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेखालील रक्ताचे प्रमाण प्रत्येक ठोक्याला कसे कमी-अधिक होते ते पाहतात. त्यासाठी दोन अटी पाळल्या जाव्या लागतात : मनगटाकडे रक्त मोकळेपणाने यायला हवे आणि घड्याळ त्वचेवरून हलता कामा नये. सायकलवर या दोन्ही अटी मोडतात. हँडल घट्ट धरल्यावर मनगटाचे स्नायू ताठ होतात, हात मागे वाकल्यामुळे घड्याळ आणि त्वचा यांत फट पडते, खराब डांबरावरचे हादरे ठोक्यांत मिसळतात. डिसेंबर-जानेवारीत इंदूरचा पारा पहाटे दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा थंडीने हातातील रक्तवाहिन्या आकसतात आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटे घड्याळ वाटेल ते आकडे दाखवते. चढणीवर उभे राहून जोर लावताना खरी नाडी १६० असावी आणि घड्याळाने ११५ दाखवावी, हा प्रकार सायकलवर अगदी नेहमीचा आहे.

छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणून त्याला हादऱ्यांचा त्रास जवळजवळ होत नाही आणि जोर वाढताच आकडा लगेच वाढतो. ज्यांना छातीवर पट्टा नकोसा वाटतो त्यांनी दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टा घ्यावा. दंड हँडलपासून दूर आणि मांसल असल्याने तेथील आकडे मनगटापेक्षा बरेच भरवशाचे असतात.

पट्टा आला की घड्याळ मनगटावरच ठेवण्याची सक्ती उरत नाही. ते रबरी बैठकीने हँडलवर बसवावे. नजर रस्त्यावरून फार खाली न्यावी लागत नाही आणि हात वळवून मनगट पाहण्याचा धोका टळतो. इंदूरच्या रस्त्यावर उजवीकडून कोण कधी वळेल याचा नेम नाही, तेथे ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. हँडलवर बसवताना घड्याळातील मनगटावरचा नाडीमापक बंद करावा, नाहीतर काही घड्याळे रबराच्या बैठकीचीही ‘नाडी’ मोजून नोंदवतात. घड्याळ मनगटावरच ठेवायचे असेल, तर ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, कोपराच्या दिशेने सरकवून बांधावे. पट्टा इतका घट्ट असावा की त्वचा घड्याळाबरोबर हलेल, पण हाताला मुंग्या येणार नाहीत. घड्याळ आतल्या बाजूला वळवून बांधण्याचीही पद्धत आहे. त्याने पाहणे सोपे होते, मात्र पडल्यावर पडदा प्रथम घासतो.

घरी आणल्यावरची जुळवणी

पहिले काम म्हणजे घड्याळ मोबाईलच्या ॲपशी जोडून सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि वजन, वय, उंची खरी भरणे. त्यानंतर व्यायामांच्या यादीतून ‘सायकल’ निवडून फक्त तिच्या सेटिंगमध्ये जावे. बहुतेक घड्याळांत धावण्याची आणि सायकलची सेटिंग वेगळी असतात.

नोंदणीच्या पर्यायात ‘स्मार्ट’ ऐवजी ‘दर सेकंदाला’ निवडावे. ताशी १५ किलोमीटरने चढताना सेकंदाला सुमारे चार मीटर अंतर जाते, उतारावर ४० च्या वेगाने अकरा मीटर. स्मार्ट पर्यायात घड्याळ मधले बिंदू गाळते आणि घाटातील वळणे सरळ रेघेने कापली जातात, त्यामुळे अंतर कमी भरते.

वेगाचा सेन्सर असेल तर चाकाचा घेर मोजून भरावा. तक्त्यात ७००×२५ च्या टायरसाठी २१०५ मिलिमीटर आणि ७००×२८ साठी २१३६ मिलिमीटर असे आकडे मिळतात. या दोहोंत दीड टक्क्याचा फरक आहे, म्हणजे १०० किलोमीटरमागे दीड किलोमीटर. प्रत्यक्ष घेर मात्र हवेच्या दाबावर आणि स्वाराच्या वजनावर अवलंबून असतो, म्हणून तो घरीच काढणे उत्तम. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी. सेन्सर ज्या चाकावर आहे त्याचा व्हॉल्व्ह अगदी खाली, जमिनीला सरळ काटकोनात येईल असा उभा करावा आणि फरशीवर खडूने त्याच्या खाली रेघ ओढावी. आता सायकलवर बसून, भिंतीचा आधार घेत, चाक सरळ रेषेत पुढे न्यावे आणि व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा तळाशी येईल तेथे दुसऱ्या कोणाकडून दुसरी रेघ ओढून घ्यावी. दोन्ही रेघांमधील अंतर टेपने मिलिमीटरमध्ये मोजून त्याला तीनने भागावे. एका फेऱ्यात झालेली पाच मिलिमीटरची चूक तीन फेऱ्यांत वाटली जाते, म्हणून तीन फेरे. हा आकडा घड्याळात भरून ‘स्वयंचलित घेर’ हा पर्याय बंद करावा. बोगद्यात, दाट झाडीत किंवा पुलाखाली उपग्रह सुटला तरी वेग आणि अंतर चालू राहते, हा या सेन्सरचा खरा फायदा.

पडद्यावर एका वेळी तीन आकड्यांपेक्षा अधिक ठेवू नयेत. माझ्या पहिल्या पानावर नाडी, केडेन्स आणि झालेला वेळ असतो. दुसऱ्या पानावर अंतर, चढलेली उंची आणि चालू लॅपचा, म्हणजे राईडच्या चालू तुकड्याचा, वेळ. वेग मी पहिल्या पानावर ठेवत नाही, कारण तो वाऱ्यावर आणि उतारावर अवलंबून असतो आणि तो पाहून माणूस उगाच जोर लावतो.

ऑटो पॉज शहरात चालू ठेवावा. लाल दिव्यावर नोंद थांबते. ब्रेव्हेला तो बंद करावा, कारण तेथे थांबलेला वेळही मर्यादेत मोजला जातो. ऑटो लॅप पाच किलोमीटरवर ठेवला की पुढे राईड वाचायला सोपे जाते. पाण्यासाठी दर वीस मिनिटांनी घड्याळ थरथरेल अशी सूचना लावावी. बाकीच्या सूचना, विशेषतः मोबाईलचे निरोप, राईडमध्ये बंद असलेल्या बऱ्या. रक्तातील ऑक्सिजन दिवसभर मोजण्याचा पर्यायही बंद करावा. सायकलस्वाराला त्याचा उपयोग जवळजवळ नाही आणि बॅटरी मात्र बरीच जाते.

अपघात ओळखून घरच्यांना निरोप पाठवण्याची सोय अनेक घड्याळांत असते. साध्या घड्याळांत ती मोबाईलच्या आधारावरच चालते. मोबाईल सोबत नसेल किंवा घाटात नेटवर्क नसेल तर निरोप जात नाही. जोरात ब्रेक मारल्यावर खोटा इशाराही होतो, तेव्हा तो रद्द कसा करायचा हे घरी शिकून घ्यावे आणि ज्यांचा नंबर भरला आहे त्यांनाही सांगून ठेवावे.

गोपनीयतेचे सेटिंग पहिल्या राईडपूर्वीच करावे. राईड इतरांना दाखवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या ॲपवर घराभोवतीचा भाग झाकता येतो. तसे न केल्यास रोज पहाटे घर कोठून आणि किती वाजता रिकामे होते हे कोणालाही दिसते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावरून सैनिकी तळांच्या रूपरेषा दिसत असल्याचे जगभर चर्चेत आले होते. आपल्यापैकी अनेकांचा रस्ता महूच्या छावणीतून जातो. तेथील राईड फक्त स्वतःपुरती ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे.

नाडीचे टप्पे स्वतःचे स्वतः ठरवणे

घड्याळ सुरुवातीला २२० वजा वय या सूत्राने कमाल नाडी गृहीत धरते आणि तिचे पाच टप्पे पाडते. हे सूत्र सरासरीचे आहे. एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेले २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र साठीच्या माणसाला १६० ऐवजी १६६ देते. तेही शेवटी सरासरीच. शिवाय सायकलवर कमाल नाडी धावण्यापेक्षा बहुधा काही ठोक्यांनी कमी भरते, म्हणून धावण्याचे टप्पे सायकलला लावू नयेत.

स्वतःचा आकडा काढण्यासाठी ३० मिनिटांची चाचणी चांगली. सुपर कॉरिडॉरवर रविवारी पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, वीस मिनिटे अंग तापवावे आणि मग तीस मिनिटे अशा जोराने चालवावे की शेवटच्या मिनिटाला थोडेच बळ उरेल. दहा मिनिटे झाल्यावर लॅपचे बटण दाबावे. उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी नाडी ही आपली थ्रेशोल्ड नाडी, म्हणजे दीर्घ वेळ टिकवता येणाऱ्या कमाल जोराची नाडी, समजावी आणि ‘थ्रेशोल्डच्या टक्क्यांनी’ हा पर्याय निवडून टप्पे भरावेत. पॉवर मीटर असणाऱ्यांनी वीस मिनिटांच्या पूर्ण जोराच्या सरासरी वॅटचे ९५ टक्के हा आपला थ्रेशोल्ड धरावा. सुरुवातीलाच सारा जोर खर्च झाला तर चाचणी फुकट जाते. पहिली पाच मिनिटे सोपी वाटायला हवीत. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

औषधांचाही विचार करावा लागतो. रामबागेतील एक ज्येष्ठ सायकलस्वार मला विचारत होते, ‘अहो, कितीही दम लागला तरी ठोके १२० च्या वर जातच नाहीत. घड्याळात दोष आहे का?’ मी म्हटले, ‘काका, रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे?’ त्यांची गोळी बीटा ब्लॉकर गटातील होती. ही औषधे हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, म्हणून अशा माणसाला घड्याळाचे टप्पे लागूच पडत नाहीत. त्यांनी श्वासावरून अंदाज घ्यावा : पूर्ण वाक्य बोलता येते तोवर राईड सोपी, दोन-तीन शब्दांवर दम लागू लागला की कठीण.

रस्त्यावर

निघण्याच्या दहा मिनिटे आधी घड्याळ मोबाईलशी सिंक करावे. त्या वेळी ॲप येत्या काही दिवसांच्या उपग्रहकक्षांची माहिती घड्याळात भरते आणि उपग्रह काही सेकंदांत सापडतात. ही माहिती नसेल तर ती आकाशातूनच सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने यावी लागते. एका उपग्रहाची अचूक कक्षा मिळायला अर्धे मिनिट आणि साऱ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. दारात, छज्ज्याखाली उभे राहून ‘स्टार्ट’ दाबू नये. मोकळ्या जागी येऊन, जीपीएस हिरवे झाल्यावर आणखी अर्धे मिनिट थांबावे. छातीच्या पट्ट्याची आतली काळी पट्टी पाण्याने ओली करावी, विशेषतः हिवाळ्यात, कारण घाम येईपर्यंत कोरडी त्वचा विद्युत संकेत नीट देत नाही आणि पहिली पंधरा मिनिटे चुकीची नोंदली जातात.

अनोळखी मार्गाची जीपीएक्स फाईल आदल्या रात्रीच घड्याळात भरून ठेवावी. नकाशा नसलेली घड्याळे केवळ एक रेघ दाखवतात, पण मानपूरकडे किंवा चोरलच्या आतल्या रस्त्यांवर तेवढीही पुरेशी होते.

चढणीवर घड्याळाचा सर्वांत चांगला उपयोग होतो. सिमरोलच्या बाजूने घाट उतरणे सोपे असते. परतीची चढण थकलेल्या पायांनी आणि चढलेल्या उन्हात करायची असते. चढ सुरू होताच लॅप दाबावा आणि पहिल्या पाच मिनिटांत नाडी थ्रेशोल्डच्या पाच-सात ठोके खालीच रोखून धरावी, हलका गिअर घेऊन केडेन्स ७० च्या खाली जाऊ देऊ नये. नाडी जोर लावल्यानंतर अर्धा-एक मिनिट उशिरा वाढते हे लक्षात ठेवावे : आकडा वाढलेला दिसतो तोवर पायांनी आधीच उधारी केलेली असते. पॉवर मीटरमध्ये हा उशीर नसतो आणि म्हणून चढणीच्या सरावाला तो नाडीपेक्षा सरस ठरतो. सपाट रस्त्यावर केडेन्स ८० ते ९५ मध्ये ठेवला तर गुडघ्यांवरचा ताण कमी होतो.

उन्हाळ्यात आकड्यांचा अर्थ बदलतो. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातील पाणी घटते आणि तेवढ्याच जोराला नाडी हळूहळू चढत जाते. मे महिन्यात सकाळी साडेसहाला १३५ ठोक्यांवर चाललेली राईड साडेनऊला त्याच वेगाने १५० वर जाऊ शकते. अशा वेळी नाडीचा टप्पा पाळून वेग कमी करावा. वेग राखण्याच्या नादात माणूस उष्माघाताच्या वाटेला लागतो. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आल्यास घड्याळ काहीही दाखवत असले तरी सावलीत थांबावे.

परतल्यावर

राईड जतन करून प्रथम नाडीचा आलेख पाहावा. त्यात सरळ आडवी रेघ, एकदम पडलेले खड्डे किंवा सुरुवातीलाच १८० चा सुळका असेल, तर त्या राईडची प्रशिक्षणभार, विश्रांतीचे तास वगैरे सारी गणिते चुकलेली समजावीत. मग राईडचे दोन समान भाग करून सारख्या रस्त्यावरची सारखी गती आणि नाडी ताडून पाहावी. थंड हवेतही दुसऱ्या भागात नाडी पाच टक्क्यांहून अधिक चढली असेल, तर तेवढ्या वेळाची दमछाक अजून पचलेली नाही, किंवा खाणेपिणे कमी पडले. महिन्यातून एकदा तोच रस्ता, त्याच वेळी, त्याच टायरच्या हवेवर चालवून तुलना करावी. सरासरी वेगाच्या रोजच्या चढउतारातून काहीच कळत नाही.

कॅलरीचा आकडा नाडी, वय आणि वजन यांवरून बांधलेला अंदाज असतो, तेव्हा छप्पन दुकानच्या पोहे-जिलेबीचा हिशेब त्यावर करू नये. पॉवर मीटर असेल तर हा हिशेब बराच खरा येतो : सायकल चालवताना शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, त्यामुळे जितके किलोज्यूल काम पॉवर मीटर दाखवतो, जवळजवळ तितक्याच किलोकॅलरी खर्च झालेल्या असतात. व्हीओटू मॅक्सचे, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते त्या आकड्याचेही, तसेच. गार्मिनच्या घड्याळांत सायकलचा व्हीओटू मॅक्स पॉवर मीटरशिवाय निघतच नाही, त्यामुळे तो दिसत नाही म्हणून घड्याळ सदोष समजू नये.

दर राईडनंतर घड्याळ आणि पट्टा गोड्या पाण्याखाली धुवावा. घामाचे मीठ चार्जिंगच्या सोनेरी टिकल्यांवर साचते आणि ओल्या टिकल्यांना वीज लावली की त्या गंजतात, म्हणून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय चार्जर लावू नये. उंचीमापकाचे बारीक छिद्र पावसाळ्यात चिखलाने बुजते. ते पाण्याच्या हलक्या धारेनेच साफ करावे, सुई किंवा टाचणी आत घालू नये, कारण आतला नाजूक पडदा फाटतो. छातीच्या पट्ट्याचा सेन्सर वापरानंतर कापडी पट्ट्यावरून काढून ठेवावा, नाहीतर ओलसर पट्ट्यामुळे तो रात्रभर चालू राहतो आणि आतील बटन सेल लवकर संपतो. वर्षातून एकदा ॲपवरून साऱ्या राईडच्या मूळ फिट फाईली संगणकावर उतरवून ठेवाव्यात, म्हणजे पुढे कंपनी बदलली तरी जुन्या नोंदी नव्या घड्याळाच्या ॲपमध्ये भरता येतात.